टीसीपीरिप्ले म्हणतं ‘पॅकेट गेली’, समोरच्या यंत्राला मात्र काहीच मिळत नाही: पकडलेली फाईल इथरनेटवर सोडताना नेहमी येणारी अडचण

लक्षण असं. साईटवरून, तिथल्या नेटवर्कवर पकडलेल्या पॅकेटची फाईल आलेली असते. बेंचवर एका बाजूला लॅपटॉप, मध्ये स्विच, पलीकडे तपासायचं यंत्र. टीसीपीरिप्ले, म्हणजे फाईलमधली पॅकेट पुन्हा तारेवर सोडणारं साधन, चालवलं की शेवटी सगळे आकडे व्यवस्थित येतात: इतकी पॅकेट यशस्वी, अयशस्वी शून्य. स्विचवरचा दिवाही लुकलुकतो. आणि पलीकडच्या यंत्राला कशाचाच पत्ता नसतो. मग फोन येतो, "सर, पॅकेट तर जाऊ लागलेत, पण समोर काहीच येईना."

वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूर-धाराशिवकडचे साखर कारखाने, तालुक्याच्या गावातली पाणीपुरवठ्याची पंपघरं, सगळीकडून हा एकच प्रश्न परत परत येतो. विचारणारी मंडळी कच्ची नसतात. त्यांनी आयपी पत्ता बदलून पाहिलेला असतो, पोर्ट तपासलेला असतो, फायरवॉल बंद करून झालेली असते. गडबड बहुतेक वेळा त्याच्या खालच्या थरात असते आणि तिकडे सगळ्यात शेवटी बघितलं जातं. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातच तिथून करा. ही फाईल कोणत्या प्रकारच्या तारेवर पकडली गेली आणि आता कोणत्या तारेवर सोडायची आहे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं जुळेपर्यंत आयपीला हात लावू नका.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या मूळ रोमन स्पेलिंगमध्येच टाईप करायच्या.

मूळ फाईल जपा, चालू प्लांटपासून लांब राहा

साखर कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि ऊस संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मिल हाऊसचा पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि कंट्रोल रूम यांच्यातला संवाद अधूनमधून तुटत असेल, तर तो तुटतो गाळप जोरात असताना. पट्टा पडल्यावर तो दोष पुन्हा दिसायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. म्हणून हंगामात पकडलेली फाईल हा एकमेव पुरावा असतो. ती वाचण्यापुरतीच उघडी ठेवा, तिचा हॅश (फाईल बदलली का हे ओळखायचा आकडा) काढून ठेवा, आणि जे काही बदल करायचे ते प्रतीवर करा. फाईल बदलणारं टीसीपीरीराइट नेहमी वेगळी फाईल तयार करतं, पण घाईत इनफाइल आणि आउटफाइलला एकच नाव दिलं गेलं तर पुरावा गेला.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला निक्षून सांगतो. रिप्ले चालू प्लांटच्या नेटवर्कवर करायचं नाही. त्यासाठी वेगळा स्विच हवा, ज्याला प्लांटची एकही तार लागलेली नाही. मोडबस टीसीपीची (पीएलसीशी बोलायच्या प्रोटोकॉलची) जुनी पॅकेट जिवंत पीएलसीवर सोडली तर सिक्वेन्स नंबर जुळत नाही म्हणून ती नाकारली जातील, हे खरं. पण यूडीपीवर चालणारे संदेश, किंवा प्रोफिनेटसारखे थेट इथरनेटवर चालणारे संदेश यांना असलं संरक्षण नाही. फाईलमध्ये 'मोटर चालू कर' असा संदेश असेल तर तो आजचा की गेल्या महिन्यातला हे समोरच्याला कळेलच असं नाही. शिवाय रिप्लेमधल्या फ्रेमवर खऱ्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, असतो. तो भलत्याच पोर्टवर दिसला की स्विच आपला तक्ता बदलतो आणि खऱ्या यंत्राकडे जाणारी फ्रेम तुमच्या लॅपटॉपकडे वळते. चालत्या गाळपात हे होऊ देऊ नका.

फाईल स्वतःला काय समजते ते आधी पाहा

पॅकेट पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कसोबत कॅपइन्फोज नावाचं छोटं साधन येतं. फाईलचं नाव देऊन ते चालवा आणि 'फाईल एन्कॅप्सुलेशन' ही एकच ओळ वाचा. तिथे 'इथरनेट' लिहिलेलं असेल तर पुढच्या भागावर जा. दुसरं काही असेल तर तुमचा अर्धा प्रश्न इथेच आहे.

जुन्या पीकॅप फाईलच्या सुरुवातीला २४ बाइटांचं हेडर असतं. त्यातल्या शेवटच्या चार बाइटांत लिंक प्रकाराचा आकडा असतो: इथरनेटसाठी १, नुसत्या आयपीसाठी १०१, लिनक्सच्या 'कुक्ड' प्रकारासाठी ११३, त्याच्याच नव्या रूपासाठी २७६, रेडिओटॅपसकट वायफायसाठी १२७. वाचणारं प्रत्येक साधन ह्या आकड्यावर विसंबून पॅकेटचे पहिले बाइट समजून घेतं.

आपल्याकडे नुसत्या आयपीच्या फाईली फार येतात आणि त्याचं कारण साधं आहे. आडवळणाच्या पंपघरात किंवा शेतातल्या साईटवर फायबर नसतं. तिथे फोरजी राउटर बसवलेला असतो आणि त्यावर व्हीपीएन. माणूस ऑफिसमधूनच व्हीपीएनच्या ट्युनल इंटरफेसवर पॅकेट पकडणारं टीसीपीडंप लावतो. त्या इंटरफेसवर इथरनेट हा प्रकारच नसतो. मॅक पत्ते नाहीत, १४ बाइटांचं हेडर नाही, पॅकेट थेट आयपीच्या हेडरपासून सुरू. मोबाईलवर व्हीपीएनची युक्ती वापरून पकडणाऱ्या अ‍ॅपचीही फाईल बहुधा अशीच येते.

कुक्ड प्रकार येतो तो 'सगळे इंटरफेस' म्हणजे एनी हा पर्याय दिल्यामुळे. कोणता इंटरफेस निवडावा हे कळलं नाही की माणूस एनी देऊन मोकळा होतो. लिनक्स मग प्रत्येक पॅकेटचं खरं लिंक हेडर काढून त्याजागी आपलं १६ बाइटांचं हेडर लावतं. नव्या टीसीपीडंपमध्ये, म्हणजे ४.९९ पासून पुढे, एनीवर २० बाइटांचं नवं रूप आपोआप येतं. टीसीपीरीराइटच्या जुन्या आवृत्त्यांना ते ओळखताच येत नाही. तिथे आवृत्ती नवी करा, नाहीतर पकडतानाच टीसीपीडंपला लहान वाय पर्यायाने जुना लिनक्स एसएलएल प्रकार मागा.

आता ते १६ बाइट जवळून पाहू. एक पॅकेट हेक्समध्ये असं सुरू होतं:

०० ०० ०० ०१ ०० ०६ ०२ १३ २४ ३५ ४६ ५७ ०० ०० ०८ ०० ४५ ००

पहिले दोन बाइट म्हणजे दिशा. शून्य म्हणजे आपल्यासाठी आलेलं, चार म्हणजे आपण पाठवलेलं. पुढचे दोन, ०० ०१, म्हणजे मूळ इंटरफेस इथरनेटचा होता. मग ०० ०६ ही पत्त्याची लांबी. त्यानंतर पत्त्यासाठी आठ बाइटांची जागा: सहा बाइट पाठवणाऱ्याचा मॅक आणि दोन रिकामे. मग ०८ ००, म्हणजे आत आयपीव्ही४ आहे. आणि ४५ ०० पासून खरं आयपी हेडर.

ह्यात घेणाऱ्याचा मॅक कुठेच नाही. तो फेकून दिलेला आहे आणि कोणतंही साधन तो परत आणू शकत नाही. तो तुम्हालाच द्यावा लागतो.

हेच बाइट कुणी इथरनेट समजून वाचले तर काय दिसेल? घेणाऱ्याचा मॅक ००:००:००:०१:००:०६, पाठवणाऱ्याचा मॅक बरोबर, आणि प्रकाराच्या जागी ०० ००, कारण तिथे ते दोन रिकामे बाइट येतात. हा ००:००:००:०१:००:०६ पत्ता, किंवा आपण पाठवलेल्या पॅकेटच्या बाबतीत ००:०४:००:०१:००:०६, बेंचवर पलीकडे दिसला की निदान पक्कं झालं: कुक्ड फाईल न बदलताच इथरनेटवर सोडली आहे. असा मॅक असलेलं यंत्र शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. असं यंत्र नसतं.

खरं तर टीसीपीरिप्ले अशा वेळी इशारा देतं, की फाईलचा लिंक प्रकार आणि बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा प्रकार जुळत नाही. पण तो इशारा असतो, काम थांबत नाही. पॅकेट जातात, आकडे चांगले येतात, आणि वरची ओळ वाचायची राहून जाते.

ह्याहून फसवा उपाय म्हणजे वायरशार्कसोबतच येणाऱ्या एडिटकॅपचा मोठा टी पर्याय. त्याला 'इथर' दिलं की फाईलचा प्रकार इथरनेट होतो, कॅपइन्फोजही इथरनेट दाखवतं, टीसीपीरिप्लेचा इशाराही जातो. पण त्याने फक्त तो आकडा बदललेला असतो, आतला एकही बाइट नाही. परभणीच्या गाडीवर नांदेडची पाटी लावली म्हणून ती नांदेडला जात नाही. हा पर्याय योग्य जागी कामाचा आहे, ती जागा खाली सांगतो.

फाईल पीकॅप-एनजी (पीकॅपचं नवं रूप) असेल तर आधी साधी पीकॅप करून घ्या. वायरशार्क २०१२ पासून, म्हणजे १.८ आवृत्तीपासून, पीकॅप-एनजीमध्येच साठवतं. त्यात एकाच फाईलमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे इंटरफेस असू शकतात, आणि तशी फाईल टीसीपीरिप्लेच्या साधनांना झेपत नाही. एडिटकॅपला मोठ्या एफ पर्यायात पीकॅप द्या. मिश्र प्रकार असतील तर आधी वायरशार्कमध्ये इंटरफेसनुसार गाळून वेगळ्या फाईली करा.

इथरनेटचं हेडर चढवणं

टीसीपीरिप्लेच्या संचात तीन साधनं लागतात. टीसीपीप्रेप ठरवतं की कोणतं पॅकेट सर्व्हरकडून आलं आणि कोणतं क्लायंटकडून, टीसीपीरीराइट फाईल बदलतं, टीसीपीरिप्ले सोडतं. पहिली पायरी गाळण्याची सवय अनेकांना असते. मग संभाषणाच्या दोन्ही बाजूंच्या पॅकेटवर एकच मॅक बसतो आणि मधला स्विच किंवा फायरवॉल गोंधळतो.

मोडबस ५०२ पोर्टवर चालतं, सीमेन्सचं एस७ १०२ वर. टीसीपीप्रेपची पोर्ट पद्धत १०२३ पर्यंतचे पोर्ट सर्व्हरचे मानते, त्यामुळे ह्या दोन्हींना ती चालते. इथरनेट/आयपी नावाचा प्रोटोकॉल ४४८१८ वर चालतो, तिथे ती चुकते. अशा वेळी सीआयडीआर पद्धतीने पीएलसींचा पत्तापट्टा द्या.

टीसीपीप्रेप --पोर्ट --पीकॅप=मूळ.पीकॅप --कॅशफाइल=बाजू.कॅश

मग

टीसीपीरीराइट --डीएलटी=ईनेट --कॅशफाइल=बाजू.कॅश --ईनेट-एसमॅक=०२:००:००:००:००:०१,०२:००:००:००:००:०२ --ईनेट-डीमॅक=०२:००:००:००:००:०२,०२:००:००:००:००:०१ --फिक्ससीसम --इनफाइल=मूळ.पीकॅप --आउटफाइल=नवी.पीकॅप

जोडीतला पहिला मॅक सर्व्हरकडून क्लायंटकडे जाणाऱ्या पॅकेटसाठी आणि दुसरा उलट दिशेसाठी, हा क्रम लक्षात ठेवा. वरच्या उदाहरणात सर्व्हरचा मॅक ०१ ने संपतो, क्लायंटचा ०२ ने. म्हणून डीमॅकमध्ये तेच दोन पत्ते उलटे आले. सुरुवातीचा ०२ म्हणजे स्थानिक पातळीवर दिलेला पत्ता. आयडीएससारखं (घुसखोरी ओळखणारं) नुसतं ऐकणारं यंत्र तपासायचं असेल तर असे बनवलेले पत्ते चालतात. पण पॅकेट घेणारं खरं यंत्र पलीकडे असेल तर त्याचा खरा मॅक हवा. मध्ये राउटर असेल तर राउटरच्या आपल्या बाजूच्या पोर्टचा मॅक हवा, शेवटच्या यंत्राचा नाही. इथेही बरेच जण अडकतात.

नुसत्या आयपीच्या फाईलला दोन्ही मॅक द्यावेच लागतात. कुक्ड फाईलमध्ये पाठवणाऱ्याचा मॅक असला तरी मी दोन्ही देतो, कारण एनीवर ट्युनलची पॅकेटही मिसळलेली असतात आणि त्यांच्या हेडरमध्ये पत्त्याची लांबी शून्य असते.

फाईल मुळात इथरनेटचीच असेल आणि फक्त मॅक बदलायचे असतील, तर --स्किपएल२ब्रॉडकास्ट जोडायला विसरू नका. नाहीतर एआरपीची ब्रॉडकास्ट फ्रेमसुद्धा एका यंत्राच्या नावावर बसते आणि मल्टिकास्टची तीच गत होते.

टीसीपीरीराइट २० बाइटांचं नवं कुक्ड रूप ओळखत नसेल आणि आवृत्ती बदलणं हातात नसेल, तर एडिटकॅपचा तो मोठा टी इथे उपयोगी पडतो. आधी वायरशार्कमध्ये फक्त आयपीची पॅकेट गाळून घ्या. मग एडिटकॅपला मोठ्या सी पर्यायात २० द्या, म्हणजे प्रत्येक पॅकेटचे पहिले २० बाइट कापले जातील. सोबत मोठा एल द्या म्हणजे नोंदलेली मूळ लांबीही तितकीच कमी होईल, आणि मोठ्या टीमध्ये 'रॉआयपी'. आता पाटीही खरी आणि आतले बाइटही खरे. त्यावर वरची आज्ञा चालते. जुन्या रूपासाठी २० च्या जागी १६.

वायफायच्या मॉनिटर मोडमधली फाईल असेल तर बदलण्याआधी तिची कुलपं काढावी लागतात. नेटवर्क आपलं आणि पासवर्ड माहीत असेल तर एअरडीकॅप-एनजी सुटी करून इथरनेटच्या रूपातच फाईल देतं, मात्र जोडणीच्या वेळचा हँडशेक फाईलमध्ये असावा लागतो. आणि रिप्ले वायफायवरून करू नका. अ‍ॅक्सेस पॉईंट फक्त स्वतःशी जोडलेल्या मॅककडूनच फ्रेम घेतो, तुमचे बदललेले मॅक तो टाकून देईल. तार लावा.

चेकसम आणि लांबी

आयपी पत्ते बदलायचे असतील तर --पीनॅट=१९२.१६८.१.०/२४:१०.१०.१.०/२४ असा पट्ट्याला पट्टा द्या. एंडपॉइंट्स हा पर्याय सोपा वाटतो, पण तो सगळ्या यंत्रांना दोनच पत्त्यांत कोंबतो. वीस पीएलसींची फाईल असेल तर तिचा अर्थच जातो. संदेशाच्या पोटात लिहिलेला आयपी कोणताच पर्याय बदलत नाही. एसआयपी किंवा एफटीपी असेल तर हे लक्षात घ्या.

चेकसमची, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का हे तपासायच्या आकड्याची, गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. आजकालची नेटवर्क कार्डं बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा चेकसम स्वतः काढतात. टीसीपीडंप कार्डाच्या आधी बघतं, म्हणून ज्या मशीनवर पकडलं त्याच मशीनने पाठवलेल्या पॅकेटचा चेकसम फाईलमध्ये चुकीचा असतो. रिप्लेच्या वेळी कार्ड त्यात हात घालत नाही, चुकलेला तसाच जातो. समोरचं यंत्र पॅकेट घेतं आणि मुकाट्याने फेकतं. म्हणून पत्ता बदला अगर न बदला, --फिक्ससीसम कायम द्या. सुरिकाटासारखा आयडीएससुद्धा चेकसम चुकलेली टीसीपी पॅकेट धरत नाही. फाईलमध्ये हल्ला आहे आणि सूचना येत नाही, अशी तक्रार असेल तर नियम तपासण्याआधी हे बघा. सुरिकाटाला लहान के पर्यायात 'नन' देऊन पाहिलं आणि सूचना यायला लागली, तर दोष फाईलचा होता.

त्याच कार्डाचा दुसरा प्रताप म्हणजे अवाढव्य पॅकेट. टीएसओ, जीएसओ, जीआरओ (पॅकेट मोठ्या गठ्ठ्यांत हाताळायच्या सोयी) चालू असताना कर्नल आणि कार्ड यांच्यात कित्येक हजार बाइटांचे गठ्ठे फिरतात, ते ६४ केबीपर्यंत जाऊ शकतात. तारेवर ते कधी नसतात, फाईलमध्ये मात्र असतात. रिप्ले करताना 'मेसेज टू लाँग' अशी चूक दिसली की कारण हेच. --एमटीयू-ट्रंक दिलं की जास्तीचा भाग कापून पॅकेट १५०० मध्ये बसतं, चूकही येत नाही. पण कापलेला डेटा जातो आणि टीसीपीच्या ओघात भोक पडतं. वेग किंवा ताण तपासायचा असेल तर चालेल. आतला मजकूर तपासायचा असेल तर चालणार नाही. तेव्हा बेंचचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) वाढवा. लिनक्सच्या व्हीईथ (आभासी तारेने जोडलेल्या दोन इंटरफेसच्या) जोडीवर तो ६५५३५ पर्यंत नेता येतो, म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये दोन नेमस्पेस (वेगवेगळी आभासी नेटवर्क) करून काम भागतं.

काही साईटवर जागा वाचवायला स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे किती बाइट पकडायचे ती मर्यादा) कमी ठेवून फक्त हेडर पकडलेलं असतं. पकडलेली लांबी आणि मूळ लांबी वेगळी दिसते ती त्यामुळे. --फिक्सलेनमध्ये पॅड दिलं तर शून्यं भरून मूळ लांबी गाठली जाते, ट्रंक दिलं तर हेडरमधली लांबी उरलेल्या डेटाएवढी केली जाते. दोन्हींनी फ्रेम धड होते, मजकूर परत येत नाही. मोडबसचं कोणतं रजिस्टर लिहिलं गेलं हे शोधायचं असेल आणि फाईल फक्त हेडरपुरती कापलेली असेल, तर थांबा आणि नवी फाईल मागवा.

वायरशार्कला दिसतं, प्रोग्रामला दिसत नाही

हा प्रकार लोकांना सर्वात जास्त छळतो, कारण पलीकडच्या मशीनवर वायरशार्क उघडलं की पॅकेट नीट येताना दिसतात. वायरशार्क कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकतं, मग दुसऱ्याच्या मॅकवर आलेली फ्रेमही दिसते. कर्नलचा आयपी थर मात्र ती 'आपली नाही' म्हणून सोडून देतो. पारख सोपी आहे: वायरशार्क बंद करा आणि टीसीपीडंप लहान पी पर्यायासह लावा, म्हणजे तो मोड लागत नाही. पॅकेट गायब झाली तर डीमॅक चुकला आहे, बाकी काही शोधू नका.

पी देऊनही पॅकेट दिसत असतील पण प्रोग्रामपर्यंत जात नसतील, तर आयपी बघा. लिनक्सचा आरपी-फिल्टर पाठवणाऱ्याच्या आयपीकडे परत जायचा रस्ता त्याच इंटरफेसवरून आहे का हे पाहतो, नसेल तर पॅकेट गाळतो, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय कुठे नोंदही करत नाही. लॉग-मार्शियन्स चालू केलं की कर्नलच्या लॉगमध्ये ओळी यायला लागतात. बेंचवर त्या पट्ट्याचा रस्ता घाला किंवा तेवढ्यापुरता फिल्टर बंद करा. पाठवणाऱ्याचा आयपी आणि घेणाऱ्या मशीनचा स्वतःचा आयपी एकच असेल तरीही पॅकेट टाकलं जातं. पीनॅट घाईत लिहिलं की हे हमखास होतं.

एकाच मशीनवर पाठवून त्याच मशीनच्या प्रोग्रामने घ्यावं, अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. टीसीपीरिप्ले फ्रेम बाहेर जाणाऱ्या बाजूने ढकलतं, आत येणाऱ्या वाटेवर ती कधी येतच नाही. नेमस्पेस आणि व्हीईथ वापरा, किंवा दुसरं मशीन घ्या. व्हर्च्युअल मशीनमधून सोडत असाल तर होस्टचा व्हर्च्युअल स्विच परक्या मॅकची फ्रेम अडवू शकतो. ती परवानगी वेगळी द्यावी लागते.

आणि सगळं बरोबर असूनही टीसीपीचा सर्व्हर पहिल्या सिनला (जोडणी मागणाऱ्या पॅकेटला) उत्तर देऊन पुढे गप्प बसला, तर तो बरोबरच वागतोय. त्याने दर वेळी नवा सिक्वेन्स नंबर काढला, तुमच्या फाईलमधलं उत्तर जुन्या नंबरचं आहे. टीसीपीरिप्ले ते सांभाळत नाही, ते त्याचं कामच नाही. संचातलं टीसीपीलाइव्हप्ले क्लायंटची बाजू धरून नंबर जुळवत बोलतं. त्यालाही समोरचा सर्व्हर मूळच्यासारखाच वागणारा लागतो.

रिप्ले सुरू झालं की पोर्टच बंद पडतो

मॅनेज्ड स्विचवर ही तक्रार येते. फाईल मिरर पोर्टवरची (बाकी पोर्टच्या पॅकेटची नक्कल देणाऱ्या पोर्टवरची) असेल तर तिच्यात प्लांटच्या स्विचचे स्पॅनिंग ट्रीचे (स्विच एकमेकांना पाठवतात ते) संदेश असू शकतात, ०१-८०-सी२-००-००-०० ह्या मॅकवर जाणारे. बेंचच्या स्विचवर बीपीडीयू गार्ड लावलेला असेल तर असा पहिलाच संदेश आला की तो पोर्ट बंद करतो. रिप्लेआधी हा पत्ता वायरशार्कमध्ये गाळून टाका. एलएलडीपीचे संदेशही काढा. पोर्ट सिक्युरिटी असेल तर एका पोर्टवर अनेक मॅक दिसल्यानेही हेच होतं.

व्हीलॅनचं (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचं) दुखणं उलटसुलट आहे. फ्रेममध्ये ८१०० चा चार बाइटांचा टॅग असेल आणि बेंचचा पोर्ट अ‍ॅक्सेसचा असेल, तर स्विच फ्रेम टाकून देऊ शकतो. --ईनेट-व्हीलॅन=डेल द्या. ट्रंक पोर्टवर सोडायची असेल आणि पकडताना कार्डाने टॅग काढून टाकला असेल, तर अ‍ॅड देऊन टॅगचा आकडा सांगा.

साईटवाल्याला आधीच काय सांगावं

मी आता फाईल मागतानाच फोनवर हे सांगतो, आणि नंतरचं बरंचसं काम वाचतं. एनी देऊ नका, इंटरफेसचं नाव द्या. शक्य असेल तर सर्व्हरवर न पकडता स्विचच्या मिरर पोर्टवर वेगळा लॅपटॉप लावा, म्हणजे चेकसमचा आणि पाठवताना होणाऱ्या गठ्ठ्यांचा प्रश्न उरत नाही. त्या लॅपटॉपवर इथटूलच्या मोठ्या के पर्यायाने जीआरओ आणि एलआरओ बंद करा, नाहीतर येणारी पॅकेट एकत्र होऊन पुन्हा मोठी होतात. स्नॅपलेनला हात लावू नका. फोरजीवरच्या साईटला शक्य तिथे पंपघरातल्या स्विचवरच पकडा, ट्युनलवर नाही. प्रोफिनेटचा प्रश्न असेल तर दुसरा मार्गच नाही, कारण त्याच्या फ्रेमचा प्रकार ८८९२ आहे, त्यात आयपी नसतं आणि ट्युनलमधून ते कधी येणारच नाही. सोबत कागदावर पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) आणि मधल्या राउटरचे आयपी आणि मॅक लिहून फोटो पाठवा. आणि लाईट गेल्यावर लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा, कारण जनरेटर चालू होताना, स्विच पुन्हा उठताना जे होतं तेच बहुतेक वेळा आपल्याला हवं असतं.